सातवीनंतर कुठलं हायस्कूल?



एक मेला झेंडावंदन होतं, निकालपत्रक हातात पडतं, आणि ज्या घरात सातवी पास झालेलं पोरगं असतं त्या घरात एकच विषय सुरू होतो : आता याला कुठल्या हायस्कूलला घालायचं? आजोबा म्हणतात, "आपल्या गावचंच बरं." मामा म्हणतो, "तालुक्याला घाला, तिथं पोरं हुशार होत्यात." आणि ज्याला शाळेत जायचंय तो हळूच म्हणतो, "माझे मित्र जातील तिथं मी जाणार."

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दरवर्षी दाखले न्यायला पालक येतात तेव्हा दाराशी उभे राहून ठरलेला प्रश्न विचारतात, "बाई, निकाल कुठल्या शाळेचा चांगला लागतोय ओ?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न कुठला, ते आज पाहू या. त्यासाठी थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, शेकडेवारीचंच आहे, तुम्हाला येणारं!

आपली हायस्कुलं आली कुठून?

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके. शिरोळ-हातकणंगल्याकडं सपाट मुलूख, पावलोपावली मोठी गावं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगडकडं डोंगर, पाऊस आणि विखुरलेल्या वाड्या. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा बहुतेक गावांत आहे. पण ती साधारणपणे चौथी-पाचवीपर्यंत, नाहीतर सातवीपर्यंत. काही ठिकाणी आठवीचा वर्ग जोडलेला आहे. पुढं हायस्कूल.

इथं एक गंमत लक्षात घ्या. आपण ज्याला 'सरकारी हायस्कूल' म्हणतो ते बहुतेक वेळा सरकारनं काढलेलं नसतंच! कोल्हापुरात भवानी मंडपाजवळचं मेन राजाराम हायस्कूल जिल्हा परिषदेचं आहे, पण अशी हायस्कुलं मोजकीच. खेड्यातली बरीचशी हायस्कुलं शिक्षणसंस्थांनी काढलेली आहेत आणि तिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. त्यांना अनुदानित शाळा म्हणतात. ज्यांना सरकारचा पैसा नाही, त्या फीवर चालतात. त्या विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित.

या शाळा उभ्या राहिल्या त्याची गोष्ट मोठी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दंड! पण चार इयत्ता झाल्यावर पुढं काय? हायस्कूल होतं कोल्हापूर शहरात. खेड्यातल्या पोरानं तिथं राहायचं कुठं, जेवायचं काय? म्हणून महाराजांनी त्याच्या आधीपासूनच, १९०१ सालापासून, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहं काढायला मदत केली. त्यांना तेव्हापासून 'बोर्डिंग' म्हणतात. आजही शहरात त्या इमारती दिसतात.

अशाच एका बोर्डिंगात राहून हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला १८८७ साली जन्मलेला एक मुलगा राजाराम हायस्कुलात शिकला. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं. पुढं त्याला शाहू महाराजांचंच नाव मिळालं.

स्वातंत्र्यानंतर तर उलटीच गोष्ट झाली. मुलं शहराकडं जायच्याऐवजी शाळाच खेड्याकडं निघाल्या. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक पुढं देशाच्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्यांच्या पुढाकारानं १९५२ साली भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं राहिलं. १९५४ साली डॉ. बापूजी साळुंखे यांनी स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली आणि गावोगाव हायस्कुलं उघडली. याशिवाय कितीतरी गावांत गावकऱ्यांनीच वर्गणी काढली, कुणी जागा दिली, कुणी श्रमदान केलं, आणि शाळा उभी राहिली. तुमच्या गावच्या हायस्कूलच्या भिंतीवर जुनी संगमरवरी पाटी असेल तर एकदा वाचून बघा.

सांगायचं कारण असं की, ही सगळी धडपड 'निकाल शंभर टक्के' लागावा म्हणून नव्हती. वाडीवरचं, धनगरवाड्यावरचं, शेतमजुराचं पोरसुद्धा दहावीपर्यंत पोहोचावं म्हणून होती. शाळेची पारख करताना हे विसरायचं नाही.

आता गणित

समजा, दोन हायस्कुलं आहेत. नावं देऊ नका, 'अ' आणि 'ब' म्हणू. हे आकडे मी गणितासाठी बनवलेत, कुठल्याही खऱ्या शाळेचे नाहीत.

'अ' शाळेच्या फाटकावर फ्लेक्स आहे : दहावीचा निकाल १०० टक्के! ३८ मुलं बसली, ३८ पास.

'ब' शाळेचा निकाल ९१ टक्के. ५८ मुलं बसली, ५३ पास. फ्लेक्स नाही.

कुठली शाळा चांगली? "अर्थात 'अ'!" असं तुम्ही म्हणालात ना? थांबा. आता दोन वर्षं मागं जाऊ. ही मुलं आठवीत आली तेव्हा दोन्ही शाळांत ६०-६० मुलं होती. म्हणजे 'अ' शाळेत आठवीला आलेल्या ६० पैकी दहावी पास होऊन बाहेर पडली ३८. शेकडा ६३. आणि 'ब' शाळेत ६० पैकी ५३. शेकडा ८८!

बघा, उत्तर उलटं झालं की नाही?

'अ' शाळेतली २२ मुलं गेली कुठं? हाच तो उरलेला अर्धा प्रश्न. निकालाच्या शेकडेवारीत परीक्षेला बसलेलीच मुलं मोजतात. जी बसलीच नाहीत, ती त्या गणितात दिसतच नाहीत.

पण इथं घाईनं कुणाला दोष द्यायचा नाही बरं का! दोन वर्षांत काहींच्या वडिलांची बदली झाली असेल, कुणी मामाच्या गावी शिकायला गेलं असेल, ऊसतोडीला आलेलं कुटुंब परत गेलं असेल. शिवाय नववीत बाहेरून नवी मुलंही येतात. म्हणून शाळेत जाऊन नीट, नम्रपणे विचारायचं : "सर, आठवीत किती होते, दहावीला किती बसले, मधली मुलं कुठं गेली?" चांगल्या हेडमास्तरांना हे तोंडपाठ असतं. ते सांगतील, "चौघं दुसऱ्या शाळेत गेली, दोघांना आम्ही घरी जाऊन परत आणलं, एक मुलगी मात्र राहिली." असं उत्तर देणारी शाळा मला फ्लेक्सवाल्या शाळेपेक्षा जास्त आवडते.

आणखी एक बारकावा. लहान शाळेत दहावीला १२ च मुलं असली आणि त्यातलं एक नापास झालं, तर निकाल एकदम ९२ टक्क्यांवर येतो. १५० मुलांच्या शाळेत एक नापास झालं तर ९९ च्या वरच राहतो. म्हणून एका वर्षाचा निकाल बघू नका, तीन वर्षांचे बघा.

ती बाविसातली एक

माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, गणितात मात्र कच्ची. सातवीनंतर ती एका मोठ्या नावाच्या हायस्कूलला गेली. नववीत गणितात नापास झाली. तेव्हा तिच्या आईला बोलावून सांगितलं गेलं, "हिचं दहावीला काही खरं नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता दहावीला बसण्यासाठीचा अर्ज. शाळा सुटलेल्यांना, कामधंदा करणाऱ्यांना पुन्हा परीक्षा देता यावी म्हणून ही सोय आहे, आणि ती फार चांगली सोय आहे. पण शाळेत रोज येणाऱ्या पोरीला निकाल बिघडू नये म्हणून बाहेर काढायला ती नाही! आईला यातलं काही कळलं नाही. "सर म्हणत्यात तर तसंच आसंल," म्हणून ती गप्प बसली. पोरगी घरी राहिली. घरी बसलेल्या मुलीला पुस्तकं कोण उघडू देतं? भावंडं, गुरं, भांगलण. फॉर्म भरायचाच राहिला. त्या वर्षी त्या शाळेचा निकाल झकास लागला.

पुढं दोन वर्षांनी गावातल्या एका शिकलेल्या वहिनीनं मागं लागून तिचा फॉर्म भरून घेतला, संध्याकाळी गणित शिकवलं. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. आता ती नर्सिंगचं शिकते आहे. सांगा बघू, जे गणित वहिनीला शिकवता आलं, ते शाळेला शिकवता आलं नसतं का?

म्हणून मी तुम्हाला सांगते, शाळा निवडताना वर्गातल्या पहिल्या नंबराकडं बघू नका. पहिला नंबर कुठल्याही शाळेत पहिलाच येतो. शेवटच्या बाकावरच्या मुलाचं तिथं काय होतं, ते बघा. दहावीला एखाद्या विषयात मागं राहिलं तरी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. त्यासाठी शाळा जादा तास घेते का, तेही विचारा.

वही काढा, तक्ता आखा

आता तुम्हीच हायस्कुलांची पाहणी करायची. तुमच्या गावापासून जाता येतील अशी दोन किंवा तीन हायस्कुलं निवडा. वहीत उभे रकाने आखा, आणि आडव्या ओळींत हे प्रश्न लिहा.

१. अंतर किती आणि जायचं कसं? शाळा सहा किलोमीटरवर असेल आणि चालत जायचं असेल तर जायला दीड तास, यायला दीड तास. रोजचे तीन, आठवड्याचे अठरा तास! तेच सायकलनं अर्ध्या-अर्ध्या तासात होतं. एस.टी. असेल तर तिची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते का? की वडापच्या मागं लोंबकळत जावं लागतं? आणि हे पावसाळ्यात बघा, उन्हाळ्यात नव्हे. मे महिन्यात कोरडा असलेला ओढा जुलैत कमरेएवढा असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठचे रस्ते दिवसेंदिवस बंद होते, हे शिरोळ-करवीरकडच्या मुलांना सांगायला नकोच.

२. गणित, विज्ञान आणि इंग्रजीला शिक्षक आहेत का? इमारत रंगवलेली असते, पण जागा रिकामी असते, असं होतं. शिक्षक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी वर्षानुवर्षं कुणी आलंच नाही, तर तो विषय कोण शिकवतं? हे वर्गातल्या मुलांनाच विचारा. ती खरं सांगतात.

३. प्रयोगशाळा उघडतात का? दहावीला विज्ञानात वीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. कपाटात परीक्षानळ्या आहेत एवढं पुरत नाही. त्यांच्यावर धूळ आहे का ते बघा. ग्रंथालयाचंही तसंच. पुस्तकं घरी नेता येतात का?

४. माध्यम कुठलं? बऱ्याच मराठी शाळांत 'सेमी'ची तुकडी असते. तिथं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं. तुम्ही सातवीपर्यंत हे विषय मराठीतून शिकलात, तर आठवीत एकदम बदल करताना शाळा काही मदत करते का? न कळता पाठ करण्यापेक्षा मराठीतून कळलेलं विज्ञान शंभर पटीनं बरं.

५. मुलींसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. याच्यामुळं मोठ्या मुली महिन्यातले काही दिवस शाळा बुडवतात, आणि मग शाळाच सुटते.

६. मैदान आहे का, खेळायला सोडतात का? आपला जिल्हा कुस्तीचा, फुटबॉलचा. दहावीच्या नावाखाली खेळाचा तास खाणाऱ्या शाळेला एक गुण कमी!

७. शिष्यवृत्तीची तयारी करून घेतात का? आठवीत एन.एम.एम.एस. नावाची परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसलेल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे किती झाले? करा हिशोब! ज्या शाळेत ही तयारी मनापासून होते, तिथं जाणं म्हणजे चार वर्षांच्या वह्या-पुस्तकांची काळजी मिटणं. स्वयंअर्थसहाय्यित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही, हेही पालकांनी आधीच लक्षात ठेवावं.

८. आणि शेवटचा, आपला अर्धा प्रश्न : आठवीत किती आले, दहावीला किती बसले, किती पास झाले?

प्रत्येक शाळेला सरकारनं अकरा आकडी यू-डायस क्रमांक दिलेला असतो. मुलं किती, शिक्षक किती, खोल्या किती, स्वच्छतागृहं किती, ही माहिती शाळा दरवर्षी भरते. ताई किंवा दादाच्या मोबाईलवर यू-डायसच्या संकेतस्थळावर ती पाहता येते. पण कागदावरची माहिती आणि डोळ्यांनी पाहिलेली माहिती ताडून बघा. म्हणून एक दिवस शाळा भरलेली असताना जाऊन या. परवानगी घेऊन, बरं का!

तुमच्यातल्या काहींचं नवोदयला जायचं स्वप्न असेल. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय कागलला आहे. तिथं राहणं, जेवण, शिक्षण सगळं सरकारचं. पण त्याची मुख्य परीक्षा पाचवीतच द्यावी लागते आणि सहावीला एका विद्यालयात साधारण ८० मुलं घेतात. पाचवीतल्या धाकट्या भावंडाला आजच सांगून ठेवा. आणि निवड झाली नाही तर रडायचं नाही. जिल्ह्यातली हजारो मुलं गावच्याच हायस्कुलातून शिकून मोठी होतात.

पालकांसाठी चार शब्द

हे पान तुमची मुलं वाचतात, तुम्हीही वाचा.

मुलगा दूरच्या, फीच्या शाळेत आणि मुलगी जवळच्या, मिळेल त्या शाळेत, अशी वाटणी अजूनही बऱ्याच घरांत होते. त्याहून वाईट म्हणजे, "हायस्कूल लांब हाय, पोरगी वयात आल्या, बस्स झालं सातवी." वहिनी, अण्णा, जरा ऐका. आपल्या राज्यात मुलींचं शिक्षण बारावीपर्यंत मोफत आहे. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एस.टी.चा पासही मोफत मिळतो. मुलांनाही पासात मोठी सवलत आहे, तिकिटाच्या एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात.  गाडीची वेळ जुळत नसेल तर चार गावच्या पालकांनी मिळून आगारप्रमुखांना अर्ज द्या. एकट्याच्या तक्रारीपेक्षा पन्नास सह्यांचा कागद लवकर वाचला जातो.

मुली एकेकट्या निघण्यापेक्षा एका वाडीच्या सगळ्या जणी एकाच शाळेत, एकाच वेळी निघाल्या तर रस्त्याची भीती निम्मी होते. कधी कधी शाळा निवडताना हाच विचार सगळ्यांत मोलाचा ठरतो, आणि त्यात काही कमीपणा नाही.

दुसरं, कुणी "बाहेरून बसवा" म्हणालं तर लगेच मान हलवू नका. कारण विचारा. मुलाला बोलावून त्याच्यासमोर विचारा. "आम्हाला काय कळतंय" हे वाक्य शाळेच्या दाराबाहेर चपलांबरोबर ठेवून आत या. मूल तुमचं आहे आणि शाळाही तुमचीच आहे. ती तुमच्या आजोबांच्या वर्गणीतून उभी राहिली असेल!

आणि तिसरं, गावच्या हायस्कूलमध्ये काही कमी आहे म्हणून सगळ्यांनी मुलं काढली, तर पट घसरतो. पट घसरला की शिक्षकांची पदं कमी होतात, आणि मग शाळा आणखीच कमकुवत होते. मागं राहतात ती ज्यांना बाहेर जाणं परवडत नाही त्यांची पोरं. प्रत्येकानं आपल्या मुलाचं हित पाहावं, त्यात गैर काही नाही. पण काढून नेण्याआधी एकदा जाऊन हेडमास्तरांना सांगून तर बघा, की काय कमी पडतंय. प्रयोगशाळेचं कुलूप काढायला काही कोटींचा निधी लागत नाही.

या आठवड्याचा उपक्रम

तर मुलांनो, तक्ता पूर्ण करा. प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण द्या. आठवा प्रश्न सोडवताना दहावी पास झालेल्यांच्या संख्येला आठवीत आलेल्यांच्या संख्येनं भागा आणि शंभरानं गुणा. फ्लेक्सवरचा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी शेजारी लिहा. दोन्हींत फरक किती पडला?

मग तक्ता घरी सगळ्यांसमोर ठेवा. आजोबा, मामा, आई, बाबा आणि तुम्ही. गुणांची बेरीज तुम्हीच करून दाखवा. शाळेत तुम्हाला जायचंय, तेव्हा बोलायचा पहिला मान तुमचा!

तक्त्याची एक प्रत आमच्याकडं पाठवा. शाळेचं नाव लिहू नका, 'अ' आणि 'ब' एवढंच लिहा. आणि तुमच्या वर्गातलं कुणी दाखला काढून घरी बसलं असेल, तर तेही कळवा. त्याआधी त्याच्या घरी जाऊन "चल, पुढच्या सोमवारपास्नं आपण बरोबर जाऊ" एवढं म्हणून या.

— तुमच्या बाई